मुकी पट्टी

पडद्यावर दोन गाण्यांच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या होत्या, आणि दिसत एकच होती.

"एक्केचाळीस आवर्तनं, मॅडम," इरफान तांबोळी म्हणाला. "फरक फक्त गळ्याचा. चाल तीच."

डॉ. सुहिता नेहतेने खुर्ची पुढे ओढली. निळी रेष 'नवनाद' कंपनीच्या रचनायंत्राने तीन जूनला नोंदवलेल्या गाण्याची होती. लाल रेष एकोणीस जूनला प्रसिद्ध झालेल्या गाण्याची, आणि ते ऊर्मीचं होतं. ऊर्मी म्हणजे सुहिताची धाकटी बहीण. आज चार वाजता कंपनीपुढे तिची सुनावणी होती. चोरी सिद्ध झाली तर तिचं नाव वर्ज्य-यादीत जाणार होतं. त्या यादीतल्या माणसाचं गाणं देशातल्या कुठल्याही मंचावर पुन्हा चढत नसे.

"आपलं मोफत गाणं उतरवून ऐकलं असेल त्यांनी," इरफान चाचरत म्हणाला.

"तिने आजवर एकही उतरवलेलं नाही. 'फुकट ते पौष्टिक' हे तुमच्या कंपनीचं ब्रीदवाक्य का, असं मलाच विचारते."

नाशिकच्या या कंपनीचा सगळा डोलारा मोफत गाण्यावर उभा होता. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता एकोणीस लाख श्रोत्यांना एकेक गाणं भेट जाई. नवा गायक, नवी चाल. आवडलं तर ठेवा, नाहीतर पुसून टाका. लोकांना वाटे, आपण नवं संगीत शोधतो आहोत. प्रत्यक्षात गाणंच त्यांचा शोध घेत असे. पुढचा सूर येण्याआधी कान त्याची तयारी करतो. इअरबडमधला संवेदक कानाच्या पडद्यावरचा तो सूक्ष्म ताण मोजी. अशी चाळीस गाणी झाली की त्या माणसाचा अपेक्षा-नकाशा पुरा होई. पद्धत सुहितानेच शोधलेली होती. पुढे कंपनीने त्या नकाशांवरून चाली रचणारं यंत्र बसवलं, आणि आता मोफत गाण्यांतले निम्मे गायक मुळात जन्मलेच नव्हते.

"हे गाणं कोणाच्या नकाशावरून रचलं होतं?" सुहिताने विचारलं.

इरफानने नोंद उघडली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"शून्य."

शून्य श्रोता म्हणजे सुहिता स्वतः. नऊ वर्षांपूर्वी पहिला प्रयोग तिने स्वतःवर केला होता. डोंगराची उंची जशी समुद्रसपाटीपासून मोजतात, तसे पुढचे सगळे नकाशे तिच्या नकाशापासूनचा फरक म्हणून साठवले गेले. तेव्हा ती सोय होती. नंतर ती बदलायला कोणाला सवड झाली नाही.

"गाणं तुमच्या खात्यात आलं होतं. उतरवलेलं नाही, तशी नोंद आहे." इरफानचा आवाज खाली आला. "पण आपले प्रमुख, सबनीस सर, म्हणतील, तुम्हीच बहिणीला दिलं."

"म्हणू देत. यंत्राचं गाणं लाव."

ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिसऱ्या आवर्तनात चाल पंचमावरून निषादाकडे जाताना किंचित थबकली. पाचव्यात तीच जागा आली, पुन्हा थबकली.

"इथे काय आहे?"

"काहीच नाही. जिथे धैवत यायला हवा तिथे यंत्र अर्धी मात्रा गप्प बसतं. मला वाटलं, शैली असेल."

"हा श्वास आहे," सुहिता म्हणाली. "यंत्राला श्वास कशाला लागतो, इरफान?"

अमळनेरच्या घरी आई गाण्याचा वर्ग चालवी. तिच्या पेटीतली धैवताची पट्टी मुकी होती. दाबली की भात्यातली हवा नुसती फुस् करी. पेटी दुरुस्तीला द्यायची तर वर्ग बंद ठेवावा लागणार, म्हणून ते राहून गेलं ते राहूनच गेलं. "तिथे श्वास घ्या गं पोरींनो," आई सांगे. दोघी बहिणी दहा वर्षांच्या होईपर्यंत त्या जागी श्वास घेत गायल्या.

साडेतीनला ऊर्मी आली. तिचे ओठ कोरडे पडले होते, तरी तोंड गप्प नव्हतं.

"चोराला चहा देतात का तुमच्याकडे? की तोही मोफत उतरवून घ्यायचा?"

"ऊर्मी, तू सध्या काही नवं बांधते आहेस? कोणीही न ऐकलेलं?"

"एक चाल आहे. अजून कागदावरसुद्धा नाही. का?"

"नंतर सांगते. आत्ता मला काही ऐकवू नकोस. गुणगुणूसुद्धा नकोस."

चार वाजता सुनावणीत कंपनीचे प्रमुख गिरीधर सबनीस यांनी सुहिताचं म्हणणं मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाले, "एखादी ओळ योगायोगाने जुळते, डॉक्टर. एक्केचाळीस आवर्तनं जुळत नाहीत."

"योगायोग नाहीच. माझा कान आणि हिचा कान एकाच पेटीवर घडले. नकाशा दहाव्या वर्षाच्या आत पक्का होतो. आणि चाल बांधणारा तरी कोण असतो? आपल्या कानाला पुढे जे हवंसं वाटतं, ते त्याला देणारा श्रोता. यंत्राने माझ्या कानाला हवं ते काढलं, हिने स्वतःच्या."

"सिद्ध करा."

"ही आपल्या नव्या चालीची फक्त पहिली ओळ गाईल. उरलेली चाल यंत्र शून्याच्या नकाशावरून लिहील. तो कागद तुमच्या हातात राहील. मग ही पुढे गाईल. जुळली नाही, तर चोरीत माझंही नाव घाला."

"ताई!" ऊर्मी म्हणाली.

"गा तू."

ऊर्मीने पहिली ओळ म्हटली. इरफानने स्वरलिपीचा कागद छापून सबनीसांच्या हाती दिला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हं. पुढे."

ऊर्मी गाऊ लागली. सुहिता गाणं ऐकत नव्हती. तिचं लक्ष पेनाच्या टोकावर होतं. टोक एकेका सुरावर टेकत पुढे सरकत होतं. एका जागी ते थांबलं. ऊर्मीने श्वास घेतला. कागदावर त्या जागी रिकामा चौकोन होता. टोक पुढे सरकलं.

गाणं संपलं तेव्हा सबनीसांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"आरोप मागे. लेखी देतो." आणि मग ते हसले, अगदी मनापासून. "डॉक्टर, तुम्ही काय दाखवलंत ते तुमच्या लक्षात आलंय का? या बाई जन्मभर जे जे बांधतील, ते आपल्याकडे आधीच आहे! तांबोळी, शून्यावरून पुढची पाचशे गाणी काढा. आजच नोंदवून टाकू."

ऊर्मीने बहिणीकडे पाहिलं. "हे काय म्हणतायत?"

"खरं तेच म्हणतायत."

"मग चोर ठरले असते ते परवडलं असतं गं. निदान पुढचं गाणं माझं राहिलं असतं."

सुहिता उठली. कपाटातून तिने सहभागाच्या संमतीपत्रांची जुनी फाइल काढली आणि सर्वांत खालचं, स्वतःचं पान सबनीसांपुढे ठेवलं. कलम नऊ तिने स्वतः लिहिलं होतं: सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न देता, आपला नकाशा मागे घेऊ शकते, तो सर्व प्रतींसह तत्काळ पुसला जाईल.

"घ्या मागे," सबनीस म्हणाले. "एकोणीस लाखांतला एक नकाशा गेला, तर काय मोठं..."

ते बोलता बोलता थांबले. इरफान मघापासूनच उभा राहिला होता.

"सर, बाकीचे सगळे शून्यापासून मोजलेत. शून्य गेलं की ते नुसते आकडे उरतात. कोणाला कोणतं गाणं पाठवायचं, तेही कळणार नाही."

"नऊ वर्षांचं काम आहे हे तुमचं!" सबनीस ओरडले.

"माझंच आहे," सुहिता म्हणाली. तिने पानावर 'नकाशा मागे घेतला' असं लिहून सही केली. "इरफान, पूस."

इरफानने क्षणभर सबनीसांकडे पाहिलं. मग कलमाकडे. आणि आज्ञा दिली.

पाच वाजले. त्या गुरुवारी एकोणीस लाख लोकांच्या खात्यात काहीही गेलं नाही.

दोघी जिना उतरत होत्या. मग ऊर्मी तीच मघाची चाल गुणगुणू लागली. पंचम आला. सुहिताचा कान सवयीने श्वासाच्या तयारीत बसला.

ऊर्मीने धैवत लावला. जरा चढा, जरा खरखरीत, कधी न वापरलेला.

सुहिता पायरीवरच थांबली. पुढचा सूर कोणता, हे तिच्या कानाला ठाऊक नव्हतं.

"पुढे?" तिने विचारलं.

"थांब की! मला तरी कुठे माहीत आहे?"