पुसलेली पाटी

एकोणीस दिवस झाले, इंदूच्या वाळ्याने एकही हाक दिली नव्हती. वाळा बिघडला असावा म्हणून हेमांगी जेवणाचा डबा तसाच ठेवून दुव्यांची देखभाल करणाऱ्या खोब्रागडे मॅडमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

बंदरात येणाऱ्या जहाजांवर आता माणसं नसत. किनाऱ्यावरच्या बुरुजात बसलेला एकेक चालक तीन-तीन जहाजं धक्क्याला लावी. त्याच्या कानामागे तांदळाएवढा दुवा बसवलेला असे. जहाजांचे संदेश त्यातून थेट मेंदूत येत. आठ महिन्यांची इंदू खाली तळमजल्यावर, पाळणाघरात. तिचा वाळा रडणं ओळखी आणि आईच्या दुव्यावर हाक पाठवी. हेमांगी वर चालकाच्या खुर्चीतच पुटपुटे, "आले गं चिमणे," आणि वाळ्यातून तोच आवाज इंदूला ऐकू येई. वीस पोरांमागे दोन बाया. वाळे आल्यापासून रडण्याचं ज्याची त्याची आईच बघे, आणि तिने वरून सांगितलं तरच बाया पोराला उचलत.

"वाळा ठणठणीत आहे," मॅडम दुवा तपासत म्हणाल्या. "बस जरा."

"बसायला वेळ नाही हो. सव्वाला टँकर लागतोय."

"मग उभ्याने ऐक. दुव्यात रजिस्टर असतं. रजिस्टर म्हणजे कोनाडा, एकच चिठ्ठी मावेल एवढा. चिठ्ठी पडली की घंटा वाजते. त्या घंटेला इंटरप्ट म्हणायचं. मेंदू हातातलं टाकून चिठ्ठी उचलतो. घंटा नसती तर?"

"सारखं उठून बघावं लागलं असतं."

"पाळण्यात डोकावल्यासारखं."

"पहिला महिना तेच केलं मी. श्वास चाललाय ना, एवढं बघायला." हेमांगी हसली, मग थांबली. "पण घंटा तर आहे ना?"

"घंटेत बोळा कोंबता येतो. इंदूच्या घंटेत तीन तारखेपासून आहे. तूच घातलायस."

हेमांगीला आठवलं. गॅसचं जहाज येत होतं, इंदूला दात येत होते, हाकेवर हाक. आणि जहाज धक्क्यापासून दोन हात सरकलं होतं. मागून पाळीप्रमुख परब ओरडले होते, "अहो बाई, एवढं लागेपर्यंत तरी पोरीला गप करा!" तिने बोळा घातला. पाळी संपली की तो आपोआप निघतो, अशी तिची समजूत.

"मग त्या हाका?" तिने घाईने विचारलं. "कोनाड्यात पडून असतील ना?"

"एकच मावते म्हटलं ना. दुसरी आली की पहिली गेली. मागे खुर्चीपुढच्या पाटीवर एक लाल ठिपका उरतो. काहीतरी हरवलं, एवढंच तो सांगतो. काय हरवलं, किती हरवलं, ते नाही."

"मला नाही दिसला ठिपका!"

पाटी कोरी करून पुढच्या पाळीला खुर्ची द्यायची, हा बुरुजाचा रिवाज. उष्टं ताट कुणी दुसऱ्यापुढे सरकवत नाही, तसं. रोज पाच वाजता हेमांगी अंगठ्याने पाटी पुसत होती. हिरवे, पिवळे, लाल, सगळे ठिपके एकदम. न बघता. कारण तोवर ती अर्धी उठलेली असे, खाली इंदूकडे धावायला.

"पण पाळणाघरातल्या मावशी तर म्हणतात, किती शहाणी झालीय पोर, हूं नाही की चूं नाही. मी सासूबाईंनाही फोनवर कौतुकाने सांगितलं."

मॅडमनी बोळा काढला. मग वाळ्यातली नोंद तिच्यासमोर धरली. पहिल्या दिवशी एकेचाळीस हाका. मग तीस. मग बारा. गेले पाच दिवस एकही नाही.

"म्हणजे दात आले. आता बरं वाटतंय तिला. हो ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "समोरून पोच येत नसेल तर पाठवणं थांबवायचं, हे यंत्रांना आम्ही शिकवतो गं. बरेच महिने लागतात. तुझी पोर चौदा दिवसांत शिकली."

हेमांगी जिना उतरून धावली. इंदू पाळण्यात जागी होती. लंगोट गच्च ओला, पाठीखालचं दुपटंही. आईला बघून तिचे ओठ दुमडले, हनुवटी थरथरली. आता रडेल, असं वाटलं. मग ओठ हळूच सरळ झाले, आणि ती छताकडे बघू लागली.

"रड ना गं," हेमांगी तिला छातीशी धरून म्हणाली. "रड. आहे मी."

वरून परबांची हाक आली. टँकर आला होता. कोरडा लंगोट बांधून, इंदूला मावशींच्या हातात देऊन ती खुर्चीत बसली. घंटा मोकळी होती. वाजत नव्हती. दोन मिनिटांनी हेमांगी उठली, जिना उतरून डोकावून आली. बसली. पुन्हा दोन मिनिटांनी उठली.

टँकर धक्क्यापासून दोन हात सरकला, तेव्हा खुर्ची रिकामी होती.