पश्चात: भाची अराबा

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्या मामेभावांनीच ठेवला नाही, तर तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

तारीख तेरा डिसेंबर २०११. मंगळवार. घानातल्या आमच्या एल्मिनात मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सगळा किनारा गप्प होता. मी केप कोस्टच्या ऑफिसात मुद्रितं तपासत बसले होते.

आम्ही एक कोश करत होतो. आमच्या किनाऱ्यावरच्या नामवंतांची चरित्रं. संपादक हेफ्रन मास्तर, मदतनीस मी. आमच्याकडे दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा अंत्यविधी असतो आणि तिथे वारलेल्या माणसाचं आयुष्य छापून त्याची पुस्तिका वाटतात. मास्तर काळं-लाल कापड पांघरून जात आणि पुस्तिका घेऊन येत. तीवरून मी नोंद लिहायची. शेवटी मृत्यूचं वर्ष, आणि 'पश्चात' कोण कोण ती ओळ.

मास्तरांचा एकच कडक नियम होता. जिवंत माणूस कोशात नाही.

"जेवण संपल्याशिवाय हात धुवायचे नसतात, अराबा," ते म्हणायचे.

आणि माझा मामा तेव्हा दवाखान्यात होता...

क्वामेना मामा होड्या रंगवायचा. आमच्या होड्यांच्या अंगावर वचनं लिहिलेली असतात. एल्मिनाच्या निम्म्या होड्यांवर अक्षर त्याचं होतं. मला त्यानेच वाढवलं. डॉक्टर म्हणाले, ख्रिसमस काही बघत नाहीत. मामाला तेही कळलं होतं.

"पोरी, त्या पुस्तकात माझं नाव एकदा बघू दे. मग खुशाल जातो."

कोश दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होता. पुढची आवृत्ती कधी निघेल ते देव जाणे. मास्तर जेवायला गेले होते.

मी नऊ ओळी लिहिल्या. शेवटी वर्ष टाकलं... २०११.

मामाला तीन मुलगे. एकही दवाखान्यात फिरकला नव्हता, त्याचा राग माझ्या डोक्यात होता. मी लिहिलं, 'पश्चात: भाची अराबा.' बस्स, माझं एकटीचं नाव.

ख्रिसमस गेला.

मामा गेला नाही.

जानेवारीत तो आपल्या पायांनी घरी आला. आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी विकणारी आमची शेजारीण एफुआ मावशी डोक्यावरचं घमेलं उतरवून दारात नाचलीच. "काय रे क्वामेना, वरती होड्या नाहीत वाटतं रंगवायला?"

"होड्या चिक्कार आहेत गं," मामा म्हणाला. "पण तुझी केंकी नाही ना."

मास्तरांना तेव्हाच सांगायला हवं होतं. छपाई थांबवता आली असती. मी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. नोकरी जाईल, अब्रू जाईल. मामा रोज विचारायचा, "माझं नाव येतंय ना?" मी हो म्हणायचे. माझ्या भित्रेपणाला माफी नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी कोश आला. पाचशे प्रती. एक प्रत मी कापडात गुंडाळून घरी आणली. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं.

मामा अंगणातल्या बाकावर बसला होता. समोरून एफुआ मावशी चालली होती. मामाने तिला हाक मारून नमस्कार केला.

ती थांबली नाही...

आमच्याकडे नमस्काराला उत्तर न देणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. मामा हसला. "बहिरी झाली म्हातारी."

मग पाद्री गेले. त्यांनीही उत्तर दिलं नाही.

मग मामाचा थोरला, फिफी, आला. मामाने विचारलं, "जेवलास का रे?"

फिफी सरळ बाकावर बसला. मामा जिथे बसला होता, तिथेच. मामाला घाईघाईने सरकावं लागलं.

फिफीने बाकावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "अराबाताई, बाबांचा बाक अजून ठेवलायस होय?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही.

सोमवारी मी मास्तरांचे पाय धरले. सगळं कबूल केलं. मामा जिवंत आहे, प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू, म्हटलं.

मास्तर कपाटाकडे गेले. तिथून एक पुस्तिका काढली...

वर मामाचा फोटो होता.

"अगं, मी स्वतः आलो होतो ना. जानेवारीतला दुसरा शनिवार. किती रडलीस तू."

चौथ्या पानावर भाचीची श्रद्धांजली होती. मी पाच वर्षांची असताना मामाने होडीच्या निळ्या रंगाने माझ्या तळहातावर माझं नाव लिहिलं होतं, त्याबद्दल. ही गोष्ट मी जन्मात कुणाला सांगितलेली नाही. लिहिलेली तर नाहीच.

"घरी जा, पोरी," मास्तर म्हणाले. "थोडी झोप काढ."

दफनभूमीत मामाची कबर आहे. मी जाऊन पाहिली. सिमेंट जुनं वाटत होतं.

माझ्या प्रतीतलं वर्ष मी काळ्या शाईने खोडलं. सकाळी शाई नव्हती... वर्ष होतं.

याला बारा वर्षं झाली. मामा घरातच आहे. त्याला वाढलेलं ताट जसंच्या तसं राहतं. माझे केस पिकले, त्याचा एकही नव्याने पिकला नाही. त्याने लोकांना नमस्कार करणं सोडून दिलं. फक्त रोज संध्याकाळी विचारायचा, "छापून आलं का गं?"

"प्रेस बंद पडलीय, मामा."

नाव बघायचं एवढीच त्याची इच्छा होती, आणि तेवढंच मी त्याला दाखवू शकत नव्हते.

गेल्या महिन्यात मी बाजारातून आले, तर ज्या पेटीत मी कोश लपवला होता ती उघडी होती.

कोश मामाच्या मांडीवर होता. तो बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला.

बोट वर्षावर आलं. थांबलं. मग शेवटच्या ओळीवर गेलं...

"तुझ्याशिवाय मी कुणाला दिसत नाही, ते यामुळे होय."

मला तोंड वर करवेना.

"मग तू गेल्यावर, अराबा?"

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं होतं. दिवस फार नाहीत, म्हणाले. मामाला मी हे सांगितलेलं नाही. सांगून काय करू?

हे लिहितेय तेव्हा तो बाहेर बाकावर आहे. त्या दिवसापासून त्याने पुन्हा सुरू केलंय. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन नमस्कार करतो. मोठ्याने. कुणी वळूनही बघत नाही.

प्रत्येक नमस्काराला आतून मीच उत्तर देते.

आज दोनदा खोकल्याने माझा आवाज फुटला नाही...

तो बाहेर वाट बघत थांबला होता.