सोळा दिवसांचा शोध

तुर्भ्याच्या अभ्यासिकेतले कॉम्प्युटर मी सांभाळते. जुलैतल्या एका चिंब दुपारी तो दारात उभा राहिला – छत्री मिटावी की नाही, अशा घोळात.

"मॅडम, कालवांच्या शेतीची एक शिष्यवृत्ती हाय... नॉर्वेची. सापडतच नाय."

कुंदन, करावे गावचा. वडील खाडीत जाळं टाकायचे. आता खाडीत मासळीच उरली नव्हती. म्हणून त्याला कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवायला शिकायचं होतं.

शोधलं. आधी जाहिराती. मग एजंट. मग 'परदेशी शिक्षणाच्या दहा संधी' – सगळ्या पानांवर तोच मजकूर.

"पूर्वी असं नव्हतं," मी वैतागले. "विचारलं की सापडायचं."

"मग उद्या परत येऊ?" तो हसला. नजर मात्र स्क्रीनवर नव्हती...

तो रोज येऊ लागला. रोज काही सापडायचं नाही, आणि रोज मला आतून बरं वाटायचं. मॅडमची संघप्रिया झाले, मग नुसती प्रिया. त्याची खुर्ची माझ्या खुर्चीला कधी टेकली, कळलंच नाही.

सोळाव्या दिवशी, तो यायच्या आधी, मी एआयला विचारून पाहिलं. अर्ध्या मिनिटात उत्तर – संस्था, अर्जाचं पान, शेवटची तारीख. परवाची! विश्वास बसेना. पान उघडलं. सगळं खरं होतं. शिक्षण दोन वर्षांचं... तिकडेच.

मी पान बंद केलं. फक्त दोन दिवस गप्प बसायचं होतं.

तो आला. केसांतून पाणी निथळत होतं.

"सापडलं काय?"

"नाही."

"बरं झालं," तो हळूच म्हणाला. "सापडलं तर इथं यायला काय कारण उरणार?"

तो असं बोलला आणि मी... मी त्याची वाट अडवून बसले होते.

"कुंदन, खोटं बोलले मी. सापडलंय."

त्याने खुर्ची ओढून घेतली. मग आम्ही दोघांनी मिळून अर्ज भरला.

त्याची निवड झाली. जानेवारीत विमानतळाच्या दारापाशी त्याने बॅग खाली ठेवली.

"त्या दिवशी 'नाही' असं का म्हणालीस?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

"अजून वेळ हाय, प्रिया. थांब म्हण... थांबतो."

मी त्याचा हात घट्ट धरला. मागची माणसं पुढे सरकत होती. मग हात सोडून मी बॅग उचलली आणि त्याच्या हातात दिली.