गळ्यातले खिळे

वनरक्षक तेजस्विनीला फोन आला तेव्हा ती पोहे खात होती. येडगावात कुशाबाईंच्या गोठ्यात शिरताच वासानं ते पोहे परतीची वाट शोधू लागले.

गोठ्यातल्या खुंटीवर गळपट्टा लटकत होता. बिबट्यानं मान धरू नये म्हणून वनखात्यानं शेतात घालायला दिलेला, बाहेरून खिळे असलेला. खाली चार मांजरं आशेनं बसली होती.

"कालच उसाकडंला शेळी नेली त्यानं," कुशाबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या. "मला गवताला जायाचंय. ह्यो घातला की वकारी येती, न्हाई घातला तर बिबट्या. कशानं मरू, सांगा."

तेजस्विनीनं नाक दाबून पट्टा उतरवला. काचू नये म्हणून कुशाबाईंनी आतून जुन्या लुगड्याचं कापड शिवलेलं. ते स्वच्छ होतं. वास बाहेरून येत होता. खिळ्यांच्या बुडाशी चकचकीत चकत्या वाळल्या होत्या. शिवाय काहीतरी करडं, बुळबुळीत.

"लुगड्याच्या टिकल्या असतील," कुशाबाईंचा मुलगा गोरख पट्ट्यावर वाकून म्हणाला. गळ्यात तुळशीची माळ, मनगटावर नवं डिजिटल घड्याळ.

"आत्याबाईंच्या लुगड्याला टिकल्या?" सून मंगल रुमालाआडून हसली. "सोपानभाऊंचं काम असंल. मासं इकत्यात ते."

शेजारचा सोपान कुंपणावरून ओरडला, "ओ वैनी, माझ्याकडं चांगली सुरी हाय! त्या घाणीला मी कशाला शिवू?"

"घरात मासे कोण खातं?" तेजस्विनीनं विचारलं.

"कुणीच न्हाई," मंगल नवऱ्याकडं बघून म्हणाली. "ह्यांनी माळ घातल्यापासनं विळीला अंडंबी लागलं नाय."

"गोरखभाऊ, तुम्ही?"

"नाव काढू नका, ताई. वासानंच मळमळतं."

"घड्याळ काढा."

"का? वॉटरप्रूफ हाय."

"म्हणूनच. हात धुताना तुम्ही ते काढत नाही."

घड्याळाखाली, मनगटाला, तशीच एक चकती चिकटली होती.

"हे माशाचे खवले," तेजस्विनी म्हणाली. "सोपानकडे सुरी आहे, त्याला पट्टा कशाला? पट्टा लागतो तो घरच्या विळीला हात लावायची चोरी असलेल्याला. गोठ्यात लपून मासा घासायला खिळे बरे पडतात. आणि इथं सगळ्यांनी नाक धरलंय. वासानं मळमळणारा माणूस तेवढा पट्ट्यावर वाकून बोलतोय. सवय झाली तुम्हाला."

गोरखनं मनगट पाठीमागं नेलं.

"आणि हे करडं?"

"आतडी," तो पुटपुटला. "पुसायला फडकं नसायचं. पन पट्टा लई टिकाऊ हाय, ताई. एक खिळा वाकला नाय."

"म्हंजे माशाची आतडी गळ्यात घालून मी बिबट्याला आवतान देत फिरत व्हते?" कुशाबाईंनी पट्टा घेतला, लेकाच्या गळ्यात घातला आणि बक्कल आवळली. हातात खुरपं दिलं. "नवा पट्टा मिळंपातुर गवत तू आणायचं. हाच घालून."

"आये, बिबट्या आला तर?"

"यील की. त्यालाबी नाक हाय."