गॉर्डीकाकाचा डबा गेला कुठे?

"एमेट, तुझ्या त्या खटारा इंजिनातूनच ठिणग्या उडतात! उडत नसतील तर चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बायकोचा गाऊन घालून त्याच इंजिनावर उभा राहीन आणि कोंबड्यासारखा आरवीन!" धान्यकोठाराचा मालक गॉर्डी गरजला.

"आणि उडत असतील तर माझी मिशी साफ!" मार्लिसच्या आजोबांनी, म्हणजे एमेटनी टाळी दिली.

शेजारीपाजारी खदाखदा हसले. मार्लिसच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. मिशी कसली घेऊन बसलेत? गाडी हातची चाललीय! रुळांकाठचा गहू आठवड्यात दोनदा पेटला होता, आणि शनिवारी शेतकरी गाडी बंद करायची की नाही ते ठरवणार होते. मोठ्या रेल्वेने टाकून दिलेला हा छोटा फाटा पणजोबांनी वर्गणी काढून वाचवला होता. एक इंजिन, एक ड्रायव्हर. तो म्हणजे आजोबा!

सुट्टीच होती. मार्लिस आणि तिचे दोस्त टेट आणि वांडा रुळांकाठाने निघाले.

"गंमत बघ," वांडा म्हणाली, "कोठाराच्या अलीकडे एक काडी जळलेली नाही. सगळं काळं पुढेच!"

"इंजिनाला गॉर्डीकाकाचं तोंड बघून राग येत असेल!" टेट खिदळला.

तेवढ्यात कोठारातून गव्हाच्या वाघिणी जोडून गाडी आली. शेवटच्या वाघिणीची चाकं किंचाळत होती आणि धूर, ठिणग्या सोडत होती.

"हातब्रेक आवळलेलाच आहे!" मार्लिस ओरडली.

भरताना वाघिणी हलू नयेत म्हणून गॉर्डी ब्रेक आवळायचा. निघताना ते सोडायचे आणि टोपी हलवायची. टोपी हलली की आजोबा गाडी सोडत. वर्षानुवर्षांची रीत!

"गॉर्डीच्या टोपीवर शंका?" मार्लिसने सांगितलेलं ऐकून आजोबा भडकले. "शोभतं का तुला?"

मार्लिस दातओठ खात बाहेर पडली. "थांबा, दाखवतेच!"

शनिवारी सगळे शेतकरी कोठारापाशी जमले. गॉर्डी जेवणाचा डबा शोधत होता. टेबलाखाली पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, कुत्र्याचं तोंडसुद्धा उघडून पाहिलं!

"माझे दालचिनीचे रोल कुणी ढापले रे?"

शिट्टी झाली. गॉर्डीने दारातूनच टोपी हलवली.

"थांबा आजोबा!" मार्लिस किंचाळली. "काका, सगळे ब्रेक सोडलेत?"

"सगळे! या हातांनी!"

"मग डबा सापडला असेलच! शेवटच्या वाघिणीचा ब्रेक सोडायला जे चाक फिरवतात, त्यालाच आम्ही बांधलाय. तो काढल्याशिवाय चाक फिरतच नाही!"

सगळ्या माना वळल्या. ब्रेकच्या चाकावर गॉर्डीचाच लाल रुमाल फडफडत होता, आणि खाली डबा लोंबत होता! गॉर्डीचा चेहरा रुमालाहून लाल झाला.

"आणि तुम्ही, आजोबा!" मार्लिस इंजिनाकडे वळली. "लोकांचा गहू जळतोय, आणि तुम्ही टोपी बघून गाडी हाकताय?"

आजोबा इंजिनातून उतरले. चालत शेवटपर्यंत गेले आणि त्यांनी स्वतः ब्रेक सोडला. मग सगळ्यांसमोर टोपी काढली.

"चुकलो. यापुढे प्रत्येक ब्रेक मी हात लावून बघणार. पोरी, पणजोबांनी रूळ वाचवले, तुम्ही तिघांनी गाडी वाचवलीत!"

"गाडी चालू राहू दे!" शेतकऱ्यांनी तिथेच हात वर केले. "पण टोप्या बंद!"

चार जुलैला इंजिन गावातून मुंगीच्या चालीने निघालं. त्यावर पुढे उभा गुलाबी गाऊनमधला गॉर्डी! रोल खात बसलेल्या टेट-वांडाला ठसका लागला.

"कुकूच कू..."

मार्लिसचा राग अजून पुरता उतरला नव्हता. तिने कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं, काका! परत!"