मुठीचा रांजण

"आत मीच बसणार," जैबू म्हणाली. "तुम्ही दोघं मावणार नाही."

"सहदेव मावेल की. डोकं काढून बाहेर ठेवायचं," तिचा भाऊ याकूब म्हणाला.

"तुझं काढून उपयोग नाही. रिकामंच आहे, वजन काही कमी व्हायचं नाही," त्यांचा दोस्त सहदेव म्हणाला.

१८७७ साल होतं. दिवाळीची सुट्टी लागलेली. कल्याणच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि ही तिघं मशिदीच्या भिंतीला टेकलेल्या मोठ्या रांजणापाशी उभी होती.

मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात भात शिजत घालण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा, आणि तिसऱ्या प्रहरी तो या रांजणात टाकायचा, ही जुनी रीत. एकही दिवस चुकवायचा नाही. रांजणाच्या तोंडावर जाड कापड ताणून बांधलेलं असे. त्याच्या फटीतून हात आत घालायचा आणि मूठ सोडायची. कोणी किती टाकलं ते शेजारच्यालाही दिसता कामा नये. ज्याला गरज असेल त्याने अंधार पडल्यावर तळाच्या भोकाची खुंटी काढून तांदूळ न्यावा. नेणाऱ्याकडेही कोणी बघायचं नाही.

पण महिनाभर खुंटी काढली तरी पसाभरही तांदूळ पडत नव्हता.

"चोर कोण ते उघड आहे," मोहल्ल्याचे मुकादम दाऊदमियां सकाळीच सगळ्यांसमोर गरजले होते. "ती मदारबी आल्यापासून रांजण आटला. आज सूर्य मावळायच्या आत तिने गाव सोडायचं."

मदारबी दुष्काळात सोलापूरकडून चालत आलेली विणकरीण. सरायच्या पडवीत ती तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन राहत होती. तिला विहिरीवर कोणी पाणी भरू देत नव्हतं. पोरं तिच्या दिशेने खडे मारत. जैबूची आईसुद्धा म्हणायची, "अशांना थारा दिला की आपल्यावरच शेकतं."

"तिच्या पोराला अशा तापात बाहेर काढलं तर ते मरेल," जैबू म्हणाली. "काल रात्री आपण पहारा दिला, कोणी आलं नाही. म्हणजे चोर दिवसा येतो. आज तो खुंटीला हात लावू दे, आतून बोटंच पकडते."

"आणि त्याने सुरी आणली असेल तर?" सहदेवने विचारलं.

"तर तू ओरड. ते तुला छान जमतं."

जैबू आत उतरली. पोरांनी वरून कापड पूर्ववत बांधलं. आत कोंड्याचा वास होता, तळाला जेमतेम चिमूटभर दाणे होते. गुडघे हनुवटीला टेकवून ती खुंटीवर डोळे लावून बसली.

खुंटी हलली नाही. वरून मात्र हात येऊ लागले.

पहिला मेंदी लावलेला हात आला. जैबूने डोळे मिटले. आता तांदूळ डोक्यावर पडणार. काहीच पडलं नाही. मूठ उघडली, बोटं झटकली गेली आणि हात निघून गेला.

दुसऱ्या हातानेही तेच केलं, तिसऱ्यानेही. सगळे मुठी आवळून येत होते आणि रिकाम्याच उघडत होते. चोर नव्हताच! चोरीला जायला आत काही पडलंच नव्हतं. दुसऱ्याचा तांदूळ पडत असणार, मग आपल्या एका मुठीने काय बिघडतं, असं प्रत्येक जण धरून चालला होता.

मग टवका उडालेली हिरवी बांगडी दिसली. हा हात ओळखायला जैबूला दिवा लागला नसता. पूर्वी आई तिलाच मूठ घेऊन पाठवायची. महिनाभर मात्र स्वतःच येत होती.

तोही हात रिकामा उघडला. जैबूने ओठ दाताखाली धरला.

त्यानंतर सुताने कापलेल्या बोटांचा एक हाडकुळा हात आला, आणि पाच-सात दाणे तिच्या केसांत पडले.

"बघा निर्लज्जपणा," बाहेर मुकादमांचा आवाज चढला. "दिवसाढवळ्या रांजणात हात घालते. आम्ही घालायचं आणि हिने काढायचं. बाजूला हो. आधी माझी मूठ टाकतो, मग तुला वेशीबाहेर काढतो."

लाल खड्याची अंगठी आत आली. मूठ उघडली. रिकामी.

जैबूने दोन्ही हातांनी ते मनगट धरलं.

"जिन! रांजणात जिन आहे!" मुकादम किंचाळले.

"जिन नाही चाचा, मी जैबू. आता हीच मूठ बाहेर सगळ्यांसमोर उघडा."

याकूबने कापड ओढून काढलं. गर्दी जमलीच होती.

"आज विसरलो असेन," मुकादम मनगट चोळत म्हणाले. "आणि ही कार्टी आत काय करतेय? हीच चोर."

"काय चोरू? आत वाकून बघा. आज बऱ्याच जणांना विसर पडला."

"मग नावं सांग," गर्दीतून कोणी डिवचलं.

जैबूने आईकडे बघायचं टाळलं. "ती सांगायची नसतात. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं तुम्हीच शिकवता. एकच नाव सांगते, कारण तिला तुम्ही हाकलताय." तिने केसांतले दाणे तळहातावर घेतले. "हे मदारबीचे."

मदारबी पदर सावरत म्हणाली, "ज्या दिशी चूल पेटती त्या दिशी चिमूट टाकते. याच्यातलंच खाल्लं, तर याच्यात टाकाया नको?"

मग जैबूची आई पुढे आली आणि तिने उजवा तळवा सगळ्यांसमोर उघडा धरला.

"माझाही रिकामाच होता," ती म्हणाली. "तांदूळ महाग झाला आणि माझी नियत फिरली."

तिच्या मागे मेंदीचा हात उघडला. मग आणखी एक.

मुकादमांनी घसा खाकरला. "मी पोतंभर पाठवतो. विषय संपला."

"पोतं नको, दाऊदमियां," मशिदीत नमाज पढवणारे म्हातारे पेशइमाम म्हणाले. "पोतं एकदा येतं आणि माणूस वर्षभर मिरवतो. मूठ आणा. उद्याही आणा, परवाही आणा. आणि हिला पडवीतून कोणी हलवायचं नाही." मग ते जैबूकडे वळले. "पोरी, चोर धरायला बसलीस आणि आमची खोड धरलीस. शाबास. आता बाहेर ये, रांजण भरायचा आहे."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिघं भिंतीवर बसली होती. जैबूची मूठ टाकून झाली होती. आईने पुन्हा तिलाच पाठवलं होतं. मुकादम आले. त्यांनी मुलांकडे रागाने पाहिलं आणि रांजणावर बोटाने टकटक केली.

"कोणी नाही चाचा," सहदेव म्हणाला. "बिनधास्त टाका."

मुकादमांनी हात आत घातला. बाहेर आला तेव्हा त्यांच्या अंगठीच्या खाचेत तांदळाचा एक दाणा अडकला होता. त्यांनी तो टिपला आणि पुन्हा फटीतून आत सोडला.