वाफुला गुरुजींची तळटीप

नंजाला अर्धा तास उशिरा पोचली आणि मागच्या दाराने गुपचूप आत शिरली. केनियातल्या नाकुरूच्या केंद्रात फिजिक्सच्या शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. समोर एक उंच, सावळा तरुण पाणी भरलेली सोड्याची बाटली खिडकीतल्या उन्हात धरून उभा होता. आणि तो शिकवत होता तो धडा... चक्क तिचा होता!

"हा धडा माझा नाही हं," तो सांगत होता. "हा वाफुला गुरुजींचा. त्यांनी सगळे धडे नेटवर खुले ठेवलेत. घ्या, हवे तसे बदला, फक्त मूळ नाव सांगा आणि काय बदललं तेही सांगा. त्यांनी जळक्या बल्बमध्ये पाणी भरून भिंग केलं होतं. वोईजवळच्या आमच्या शाळेत सगळे सोलरचे दिवे, जळका बल्ब आणू कुठून? म्हणून ही बाटली!"

सगळे हसले. नंजाला मात्र मागच्या बाकावर अंग चोरून बसली. कारण धड्यांचं ते पान कायमचं बंद करायचं, असं ठरवूनच ती बुंगोमाहून निघाली होती. प्रत्येक धड्याखाली ती खरं खरं लिहायची, आज वर्गात काय फसलं. ती टिपणं हेडमास्तरांच्या हाती लागली आणि त्यांनी स्टाफरूममध्ये चवीचवीने वाचून दाखवली. असा तमाशा सोसायचा तरी कोणासाठी? तीन वर्षांत कोणी एका ओळीचं उत्तर पाठवलं नव्हतं.

"आणि खरी मजा तळटिपेत आहे," तरुण पडद्याकडे वळला. नंजालाने डोळे घट्ट मिटले. "ऐका. 'आज बल्ब फुटला. मुलं हसली. माझा आवाज चढला. उद्या त्यांची माफी मागायची आहे.' एवढा अनुभवी माणूस असं लिहितो! हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मीही माझ्या वर्गाची माफी मागितली."

या वेळी कोणीच हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी तर ते वहीत उतरवून घेतलं.

चहाच्या रांगेत नंजाला मुद्दाम त्याच्या मागे उभी राहिली. त्याच्या छातीवरच्या चिठ्ठीवर नाव होतं – म्वाकियो.

"म्वालिमू," तिने स्वाहिलीत 'मास्तर' अशी हाक मारली, "तुमचे ते वाफुला गुरुजी वयाने केवढे असतील हो?"

"पंचावन्न तरी नक्की! टक्कल, ढगळ स्वेटर, खिशात खडू."

"खडू बरोबर. बाकी सगळं चूक."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"रोज आरशात भेटतात."

त्याच्या हातातली गोड, तळलेली मंदाझी सुटली आणि थेट चहात पडली. त्याने तिच्या चिठ्ठीवरचं 'नंजाला वाफुला' हे नाव वाचलं, पुन्हा वाचलं. "म्हणजे वाफुला..."

"माझ्या वडिलांचं नाव. तेही टकले नाहीत, बरं का!"

"बाप रे! म्हणजे दोन वर्षं मी 'गुरुजी, तब्येतीला जपा' असं लिहितोय, ते—"

"लिहिताय? कुठे? मला तर एक अक्षर मिळालं नाही!"

त्याने फोन पुढे केला. पठ्ठ्या दर आठवड्याला तिचा धडा आपल्या पानावर उतरवून घ्यायचा आणि तिच्या टिपेचं उत्तर त्या नकलेखालीच लिहायचा. ते आपोआप मूळ लेखकाला पोचतं, अशी त्याची भाबडी समजूत!

"अहो शहाणे, स्वतःच्याच दारात चिठ्ठी टाकली तर ती माझ्या घरी कशी येईल?"

तो ओशाळून मान खाजवू लागला. ती जॅकरांडाच्या झाडाखालच्या बाकावर बसून वाचत गेली. *गुरुजी, आज माझाही वर्ग फसला. आपण दोघं मिळून किती फसतो!* ... *या आठवड्यात टीप नाही. आजारी आहात का? तुमची टीप वाचायचा शनिवार उगाच लांबला.* ... *तुम्ही लिहायचं थांबलात तर मी कोणाशी बोलू?*

तिला अक्षरं दिसेनाशी झाली. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"मी ते पान बंद करणार होते," ती हळूच म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "नका ना करू... माझ्या मुलांसाठी. म्हणजे मुलांसाठी तर आहेच, पण—"

"पण काय? लिहिताना तर मोठे धीट!"

"तेव्हा समोर टकले गुरुजी होते." त्याने एकदाच वर पाहिलं. "तुम्ही समोर असल्यावर मला काही सुचत नाहीये."

नंजालाच्या गालांवर ऊन चढलं. आतून सत्राची घंटा झाली, पण दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

"पान बंद नाही करत," ती म्हणाली. "टिपासुद्धा लिहीन. हेडमास्तरांना हसायचं तेवढं हसू देत."

"खरंच? मग आता उत्तरं तुमच्या पानावर लिहीन, अगदी नेमक्या जागी!"

"नाही."

"का... का बरं?"

"धडे सगळ्यांसाठी खुले आहेत, म्वाकियो." तिने त्याचा फोन त्याच्या हातात दिला, पण आपला हात काही मागे घेतला नाही. "तुझी उत्तरं नाहीत. ती एकटीला हवीत मला... तुझ्या तोंडून."